चंद्रायच्या फासळ्या

४ मे, रविवार

सकाळी सारसोळ्याला, माहेरी. प्रमोदने, माझ्या भावाने, आमच्या चंद्राय होडीच्या तळातल्या सुट्या फळ्या उचलल्या आणि मला हाक न मारता नुसतं बोट दाखवलं. आतली फासळी. (तो वाक म्हणतो, बासुद्धा वाकच म्हणायचा. मी लहानपणापासून फासळ्याच म्हणते.) त्याने अंगठा टेकवला, तो पेरभर आत गेला. मग दुसरी. मग तिसरी. तो अंगठा घालत पुढे, मी मोजत मागे. बावीसपैकी चौदा. वरून सगळ्या गुळगुळीत, स्वच्छ, देखण्या. माझ्याच हाताने पुसलेल्या.

चार वर्षं तो उरणजवळच्या मोरा बंदरातल्या ट्रॉलरवर होता. बा गेल्यावर एकट्याने खाडीत जायला मन घेईना म्हणून गेला. तोवर चंद्राय जेटीच्या कडेला ओंडक्यांवर, आणि राखण माझ्याकडे. "तू आलास की पाण्यात सोडायची, तयार ठेवते," असं मीच म्हटलं होतं. आता आलाय कायमचा, तर हे.

त्याने मला शिव्या दिल्या नाहीत. फोन काढला. अकरा वर्षांमागे ह्या सगळ्या फासळ्या बाने नारायण मिस्त्रीकडून नव्या बसवून घेतल्या होत्या. मिस्त्री मोऱ्याचा, लाकडी होड्यांचं काम जाणणारा आमच्या माहितीतला शेवटचा. प्रमोदने फोन स्पीकरवर लावला. जेटीवर जाळी शिवत बसलेले आठ-दहा जण ऐकत होते.

"मिस्त्री, बाभूल सांगून आंबा घातलास आमचे होडीला. माझे बाला फसवलास तू. चोर हायस."

पलीकडून फोन बंद.

प्रमोदने फायबरची होडी बघून ठेवली आहे. गणपतीनंतर मिळेल. नोंदणीचा हाच नंबर नव्या होडीवर फिरवायचा तर चंद्राय मोडून दाखवावी लागते म्हणे. पंधरा ऑगस्टच्या आत फायबरवाल्याला हो-नाही कळवायचं.

मी म्हटलं, मोडायची नाही.

"मंग काय, तुझे फ्लॅटान ठेवतंस?"

६ मे, मंगळवार

शाळेला सुट्टी लागली, क्लार्कला कसली. दिवसभर दाखले. डोक्यात तोच अंगठा.

चौदा फासळ्या बदलता येतात. बाने बावीस बदलल्या होत्या. पण मिस्त्रीच चोर निघाला तर करणार कोण? ठरवलं, कुजलेला एक तुकडा पिशवीत घालून मोऱ्याला जायचं आणि त्याच्या पुढ्यात टाकायचा. लाज वाटली तर फुकट करून देईल.

नवरा म्हणून श्रीकांतने विचारलंच, "भांडायला चाललीयेस की काम द्यायला?" म्हटलं, दोन्ही.

९ मे, शुक्रवार

सीवूड्सहून उरणची गाडी, पुढे रिक्षा. मिस्त्री ओट्यावर बसला होता. सत्तरीच्या पुढचा, हात अजून पाटासारखे. तुकडा पुढ्यात ठेवला आणि वाटेत जुळवलेलं भाषण सुरू केलं. त्याने दोन वाक्यं ऐकली, मग तुकडा उचलून वास घेतला. कोयता आणला. खालच्या बाजूने घाव घातला तर कोयता उडाला.

"बाय, ही बाभूल हाय. बग, खालशी दगड हाय. जितं खारं पानी लागतं तितं काय झालं नाय. वरशी कुजली. वरशी पानी कंचं पडलं?"

"पावसाचं. पण मी ताडपत्री घालायचे. घट्ट बांधायचे."

"आनि?"

"आणि धुवायचे. दर रविवारी."

"कंचे पान्यानं?"

नळाच्या. प्रमोदच्या घरून पाइप ओढून. चार वर्षं.

मला एकदम सगळं दिसलं. बा गेल्यावरचा पहिला रविवार. तळाला काळं खारट पाणी साठलेलं, कोपऱ्यात जाड्या मिठाची अर्धी गोण फुटलेली. मला वाटलं घाण. दोन तास उपसली, मीठ झाडून खाडीत टाकलं, वर लिंबाच्या वासाचं फिनेल मारलं. सीवूड्सच्या फ्लॅटची बाई ती. कोळ्याची पोर असून मला ठाऊक नव्हतं, की होडीला खारं पाणी राखतं आणि गोडं पाणी खातं. बाने कधी सांगितलं नाही. सांगायचं तर प्रमोदला सांगणार, पोरीला कशाला.

"तुझा बा मीठ टाकी. वास येयाचा ना?"

"यायचा."

"मंग."

चहा दिला. उठताना काम करणार का विचारलं. म्हणाला, "प्रमोद जेटीवर बोललाय, चारचौघांत. तितंच परत घेयाला पायजे. मंग येतंव."

परतीच्या गाडीत पिशवी मांडीवर. भाषण सगळं फुकट गेलं.

११ मे, रविवार

सवयीने सातला सारसोळ्यात. पाइप भिंतीला गुंडाळलेला. त्याच्याकडे बघवेना.

रविवारचे ते दोन तास माझे होते. शाळा नाही, घर नाही, कुणाची वहिनी नाही, कुणाची मॅडम नाही. पदर खोचून फळी न् फळी घासायची. बाशी बोलल्यासारखं वाटायचं. वाचवायची म्हणून ज्या हातांनी घासली त्याच हातांनी मारली.

प्रमोदला सांगितलं नाही. तो मिस्त्रीला अजून शिव्या घालतोय, मी मान हलवली. मान हलवली हेही लिहून ठेवते.

१४ मे, बुधवार

सांगितलं.

तो ओट्यावर चिंबोऱ्यांच्या नांग्या बांधत होता. मी उभ्यानेच. मोरा, कोयता, वास, पाइप, मीठ, फिनेल. काही गाळलं नाही.

हातातली चिंबोरी बांधायची थांबला.

"चार वर्सा?"

"हो."

"दर रविवार?"

"दोन-तीन चुकले असतील."

चिंबोरी टोपलीत टाकली. "परत तिला हात लावू नको, ताय."

इतकंच. ओरडला असता तर मी पण ओरडले असते. आम्ही दोघं भांडण्यात कुणाला ऐकत नाही. हे असलं शांत बोलणं आमच्या घरात कुणाला जमत नव्हतं, कुठून शिकून आला कोण जाणे.

१८ मे, रविवार

गेले नाही. सकाळी सातला किचनमध्ये पाहून श्री. म्हणाला, "आज घरात चोर शिरला की काय म्हणून उठलो." नंतर चहा पिताना जरा नीट बोलला. हा कऱ्हाडचा माणूस, खाडी म्हणजे नाकाला रुमाल लावून जायची जागा असं समजणारा. म्हणाला, "तू चुकलीस, भावाला सांगितलंस, झालं. पण तो म्हातारा? तो अजून गावात चोरच आहे ना?"

माझ्या हे लक्षातच नव्हतं. मी आपली माझ्या पापात मग्न.

२० मे, मंगळवार

हाफ डे टाकला. तीनला जेटीवर. ओहोटी होती, सगळे कडेला. बाळूकाका, त्यांचे जावई, पलीकडच्या आळीतले दोघे-तिघे. प्रमोद जरा लांब, जाळं झटकत.

उभी राहून सांगितलं. मिस्त्रीने फासळ्या बाभळीच्याच घातल्या होत्या, चांगल्या घातल्या होत्या. होडी मी कुजवली. नळाच्या पाण्याने धुऊन.

बाळूकाका सुईवरून नजर न काढता म्हणाले, "शाम्पू कंचा लावलास गो?"

जेटी हसली. जावई तर खोकायला लागला. "कंडिसनर नाय लावलास म्हनून कुजली" इथपर्यंत गेलं. हसू दिलं. त्या हसण्याखाली उभं राहणं हीच वसुली होती, आणि ती रास्त होती.

हसणं संपल्यावर प्रमोद पुढे आला. फोन काढला, स्पीकर. त्याच जागी.

"मिस्त्री, लाकूड बराबर होतं. मी चुकीचं बोललो. सगले ऐकतान."

पलीकडून, "सुक्रवारी येतंव. चा ठेव."

जाताना प्रमोद माझ्याकडे न बघता म्हणाला, "फायबरला नाय बोललेलो नाय मी. पंधराला काय ते बगू."

बघू तर बघू. मी कुजवली, मीच उभी करणार.

२३ मे, शुक्रवार

मिस्त्री आला. हातोडा उलटा धरून दांड्याने प्रत्येक फासळी वाजवली. चांगली असली की ठण्, गेलेली असली की भद. चौदा नाहीत, सोळा. शेवटच्या दोन नुसत्या बघून कळल्याच नसत्या.

नियम एकच सांगितला, तीनदा सांगितला. एक सोडून एक. एक काढली की तिच्या जागी नवी बसेपर्यंत शेजारचीला हात नाही. दोन शेजारच्या एकदम काढल्या तर होडी आपला आकार विसरते.

मला हात लावायची बंदी, म्हणून हात मागे बांधून उभी. मिस्त्रीला ते दिसलं. कुणाला काही न विचारता मला म्हणाला, "बाय, मोटा पुट्टा आन. साचा तू कापशील. प्रमोदचे हाताला कातर धरवत नाय."

प्रमोदने बघितलं. बोलला नाही. मी त्याला होकार समजले.

२७ मे, मंगळवार

लाकूड. मिस्त्रीला सरळ फळी कापून वाकडी केलेली चालत नाही. वळण झाडानेच दिलेलं हवं, मग ते तुटत नाही. म्हणजे वाकड्या फांद्या शोधायच्या, त्याही जाड बाभळीच्या. इमारतीच्या लाकडाच्या वखारीत सगळं सरळ. दोन वखारवाल्यांनी वेड्यात काढलं.

शेवटी पनवेलला जळाऊ लाकडाच्या वखारीत मिळाल्या. ढीगच्या ढीग, सगळ्या वाकड्या. मी साच्याचा पुठ्ठा एकेका फांदीला लावून बघत होते. वखारवाला म्हणाला, "ताई, घरात कोणी वारलंय का? किती मण पाठवू?" हे लाकूड स्मशानात जातं हे तेव्हा कळलं.

श्री. टेम्पोत बसायला तयार नव्हता. मिस्त्रीला विचारलं तर म्हणाला, "लाकराला काय ठाव, कंचे गावाला चाललंय." अकरा फांद्या घेतल्या. पाच अजून हव्यात.

३ जून, मंगळवार

पहिली फासळी बसली. मधली, सगळ्यात रुंद. साचा माझा. सोसायटीत कुणीतरी मोठा टीव्ही घेतला, खोका मी वॉचमनकडून राखून ठेवला होता. जुनी फासळी काढून पुठ्ठा लावायचा, काठाने पेन्सिल, कापायचा, परत लावायचा, कुठे उजेड दिसतो का बघायचं. चार वेळा कापला. मिस्त्री तासतो, मी साचा धरते, तो परत तासतो. बसवली तेव्हा फळी नि फासळी यांच्यामध्ये पोस्टकार्डसुद्धा जाईना.

मिस्त्री म्हणाला, "हं." ह्या माणसाचा हं म्हणजे फर्स्ट क्लास.

मग मिठाची मूठ भरली. माझ्या हातात दिलं, तू टाक म्हणाला. टाकलं.

१६ जून, सोमवार

शाळा उघडली. ॲडमिशनची झुंबड. साडेपाचला सुटून रिक्षा, सहा ते साडेसात काम. वर बांबूवर ताडपत्री, पण चारी बाजू उघड्या. वारा लागायला हवा. मी घट्ट बांधायचे तेही चुकीचंच होतं. यादी वाढतेय.

सहा झाल्या. दहा बाकी. मिस्त्री आठवड्यातून तीन दिवस येतो. बाकीचे दिवस आम्ही दोघं काढायचं काम करतो. प्रमोद कामापुरतं बोलतो. धर, सोड, हातोडी, बाजूला हो. मोजलं तर दिवसाला वीस शब्द. मेमध्ये पाचही नव्हते, म्हणजे प्रगती आहे.

जेटीवर माझं नाव शाम्पूबाय पडलंय. चार-पाच वर्षांच्या पोरीसुद्धा म्हणतात.

२१ जून, शनिवार

मिस्त्री नव्हता. मी अडीचला पोचले तोवर प्रमोदने नवव्या फासळीबरोबर दहावीही काढून टाकली होती. दोन्ही एकदम. "दोगी गेलेल्याच होत्या, दोनदा कोन खोलील," म्हणून. फळी बाहेर फुगली होती, दोन बोटं. खिळे वाकलेले. उजवी बाजू पोटुशी दिसत होती.

तो ओंडक्यावर डोकं धरून बसलेला. "गेली," म्हणाला. "मोडायची ती मोडा."

ओरडायचा हक्क मला नव्हता म्हणून ओरडले नाही. आणि खोटं कशाला लिहू, जरा बरंही वाटलं. आता दोघांच्या नावावर एकेक.

मिस्त्रीला फोन. तो म्हणाला, बाहेरून आत दाबा, हळू, तासाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, घाई केलीत तर फळी फाटेल. दाबायचं कशाने? मला श्री.च्या गाडीचा जॅक आठवला. फोन केला. शनिवारची झोप सोडून आला, पायात चपला, चिखल घोट्यापर्यंत, नाकाला रुमाल नव्हता. बाहेर खांब रोवला, खांब नि फळी यांच्यामध्ये जॅक आडवा, जॅकच्या तोंडाला एक जाड फळी. हँडल फिरवायचं श्री.ने, सूत मोजायचं मी, आतून ऐकायचं प्रमोदने. लाकूड फाटायच्या आधी कुरकुरतं म्हणे.

"थांब." थांबायचं. "आता." अर्धा फेरा.

अंधार पडेपर्यंत एक बोट परत आलं. उरलेलं उद्या.

निघताना प्रमोद श्री.ला म्हणाला, "दाजी, जॅक परवा नेयाचा ना?" सत्तावीस वर्षांत त्याने दाजीशी केलेलं हे सर्वांत लांब संभाषण.

२२ जून, रविवार

दुसरं बोट आलं. पूर्ण नाही, एक सूत राहिलं. मिस्त्री येऊन हात फिरवून म्हणाला, राहू दे, आता तिचा आकार हा. प्रमोदच्या हातातली पहार तेवढी काढून घेतली.

१३ जुलै, रविवार

सोळावी बसली. वाटलं होतं आज पेढे. मिस्त्री पेढे बाजूला ठेवून खाली आडवा झाला आणि पठाण वाजवायला लागला. पठाण म्हणजे तळातलं अखंड लाकूड, पुढच्या नाळेपासून मागच्या टोकापर्यंत. त्याच्यावर सगळ्या फासळ्या उभ्या. ठण्, ठण्, ठण्, मागच्या टोकाशी हातभर भद.

तिथेच माझं पाइपचं पाणी उताराने जाऊन साठायचं. कुणी सांगायची गरज नव्हती.

"आदी का नाय वाजवलंस?" प्रमोद.

"आदी वाजवलं असतं तं तू फासल्या बदलल्या नसत्यास."

म्हाताऱ्याला सुरुवातीपासून ठाऊक होतं. प्रमोद तावातावाने जेटीच्या टोकापर्यंत गेला, परत आला. मी विचारलं, होईल का? मिस्त्री म्हणाला, अख्खं पठाण बदलायचं तर होडी सगळी सोडावी लागेल, ते नवी बांधल्यासारखंच. हातभर कापून सागाचा तुकडा सांधता येतो. लांब तिरका सांधा, दोन्ही बाजूंनी बोल्ट. "पन गॅरंटी नाय. पान्यान गेल्यावर तिसरे-चवथे दिवशी कलंल, धरतंय का सोरतंय."

प्रमोद माझ्याकडे बघत होता. दोन महिन्यांत पहिल्यांदा सरळ. मी म्हटलं, कापा.

पेढे नंतर ओले झाले. तरी खाल्ले.

३ ऑगस्ट, रविवार

सांधा झाला. मिस्त्रीने तीन आठवडे घेतले त्याला, एकदा जुळलेला परत काढून पुन्हा तासला. आता फळ्यांच्या चिरांत कापूस ठोकणं चालू आहे, वर राळ नि तेल. केसांना माशाच्या तेलाचा वास. आज शाळेतून फोन आला, रविवारी, मुख्याध्यापिका बाई. जून महिन्याच्या हजेरीत चूक आहे. असेल.

प्रमोद आज आपणहून बोलला. ट्रॉलरवर कसं होतं ते. बावीस जण, होडी चालवणारा तांडेल दुसऱ्याचा, जाळं दुसऱ्याचं, किनारा दिसत नाही. म्हणाला, "तितं रोज मनाला सांगत होतो, चंद्राय हाय ना." मग कापूस ठोकायला लागला. मीही.

मला त्याचा हातोडा ऐकत बसावंसं वाटलं, पण माझ्या वाटणीची चीर राहिली असती.

९ ऑगस्ट, शनिवार

नारळी पुनव. राखी बांधली. गेली चार वर्षं कुरिअरने पाठवायचे. फायबरवाल्याचा फोन मी ताट घेऊन उभी असतानाच आला. प्रमोद म्हणाला, "गुरवारपर्यंत सांगतो." मी ओवाळलं. विचारलं नाही.

उद्या दुपारी उधाणाची भरती. उद्याच.

१० ऑगस्ट, रविवार

पाण्यात आहे.

साडेबाराला पाणी ओंडक्यांपर्यंत. वीस जण लागले. बाळूकाकांनी आरोळी दिली, बाकीच्यांनी ओढलं. श्री.ने ऑफिसचे बूट घालून दोर धरला, कारण चपला जॅकच्या दिवशी गेल्या. नाळ पाण्यावर आली तेव्हा ती जरा हलली, डावीकडे, उजवीकडे. प्रमोद आत उभा. रडत होता की घाम, लांबून कळलं नाही. मी रडत होते.

मग पाणी आत यायला लागलं. चार वर्षं सुकलेल्या फळ्या, येणारच. फुगल्या की चिरा मिटतात. दोन तासांत गुडघ्यापर्यंत. दोघांनी डब्यांनी उपसलं. मिस्त्री जेटीवर बसून मोजत होता, शंभर डब्यांनी किती उतरतं.

संध्याकाळी तो मोऱ्याला परत गेला. म्हणाला, "माझं झालं. आता ती नि तुमी."

१२ ऑगस्ट, मंगळवार

शाळेआधी सहाला गेले. घोट्यापर्यंत. म्हणजे फळ्या धरतायत. पण मागे, सांध्यापाशी, बारीक धार. करंगळीने झाकेल एवढी. प्रमोदने कापूस घातला, राळ घातली. थांबली. परत आली.

मिस्त्रीला फोन केला. धार वाढते का तेवढं बघा म्हणाला.

१३ ऑगस्ट, बुधवार

धार तेवढीच. वाढली नाही, कमी नाही. प्रमोद तासभर तिच्याकडे बघत बसला होता. मी पण.

उद्या गुरुवार. मी काही म्हणणार नाही असं ठरवलं आहे. होडीत एकट्याने बसायचं त्याला आहे. माझ्या हट्टासाठी त्याने त्या धारेवर बसू नये. हे मला आज पहिल्यांदा वाटलं आणि चांगलंच टोचलं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

जेटीवर बसून लिहितेय. पावणेचार.

साडेदहाला शाळेत भावजयीचा फोन. प्रमोद सकाळच्या ओहोटीबरोबर गेला, जाळं घेऊन, चंद्रायमधून. एकटा. मला कुणी सांगितलं नाही. तिला पण जाताना म्हणाला, जाऊन येतो.

बाईंना सांगून निघाले. बाई काहीतरी म्हणाल्या.

भरती तीनला पुरी झाली. त्याच ओहोटीला गेलेल्या बाकीच्या होड्या एकेक करून आल्या. बाळूकाका म्हणाले, तिवरांच्या झाडीपलीकडे दिसला होता, वाकून काहीतरी करत होता. पाणी उपसत असेल. कुणी म्हणालं, जाळं ओढत असेल. आता पाणी उतरायला लागलंय. अर्ध्या तासात जेटीपर्यंत चिखल, मग होडी आत येत नाही.

सात वेळा फोन. वाजतो, उचलत नाही. आठव्यांदा उचलला.

"किती येतंय?"

"येतंय."

"धार वाढली का?"

"ताय, एका हातान डबा हाय, एका हातान जालं. फोन खांद्यावर. तू काय ते लवकर बोल."

"मागे फिर. मी सांगते, फिर. जाळं सोड. होडी सोड. फायबरला हो म्हण, माझं काही नाही."

वारा ऐकू येत होता. डब्याचा आवाज, पाणी फेकल्याचा, परत डब्याचा. माझ्या बोलण्यामुळे थांबला नव्हता.

"जालं भरलंय," म्हणाला. "एकट्याला ओरवत नाय. दोन मानसां लागतील हितं. उद्या झेंडावंदन झालं का मंग तुला सुट्टी ना?"

"हो."

"मंग पानी उपसाला डबा तुझा तू आन."

फोन कट. रेंज गेली असेल. बाळूकाकांनी त्यांची होडी परत सोडायला घेतली आहे, बघून येतो म्हणाले. चार वाजले. खाडीच्या वळणावर अजून कुणी दिसत नाही.